देव वर गेले

टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी फेकायची नाही, असं आम्हाला प्रथमोपचाराच्या वर्गात सांगितलं होतं. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते, ती तान्ह्याच्या घशात अडकू शकते. 12 तासांचा वर्ग, दर 3 वर्षांनी पुन्हा करायचा. त्यातलं बाकी सगळं चाचणीपुरतं पाठ केलं, ही नळी मात्र डोक्यात बसली. घरी आल्यावर ती हातात धरून मी खोल्याखोल्यांतून हिंडू लागले. पेनाचं टोपण गेलं. रिमोटची बॅटरी गेली. फ्रिजवर लावलेला शनिवारवाड्याचा चुंबकही गेला. मग देवघरापाशी बसून सासूबाईंचा बाळकृष्ण उचलला आणि वरून सोडला. तो खाली टपकन माझ्या तळहातावर आला.

रांगता, पितळेचा, एका हातात लोण्याचा गोळा. चिंचेनं घासून घासून नाक गुळगुळीत झालेलं.

“अगं, देव आहे तो!”

“हो आई, पण मुलांच्या घशात अडकेल.”

सासूबाई जरा वेळ बघत राहिल्या. “यानं स्वतः माती खाल्ली होती म्हणा,” असं पुटपुटल्या आणि देव तबकात गोळा करायला लागल्या. समई, काडेपेटी, कापराची डबी, सगळंच वरच्या फळीवर नेलं. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. इतकी वर्षं तो आमच्याकडे गुडघ्याच्या उंचीवर होता आणि आमची लेक त्याच्याशेजारी रांगत मोठी झाली. काही झालं नाही, म्हणून आम्ही त्याला घराची शिस्त समजत होतो.

रेडिंगमधल्या आमच्या घरात मला पाळणाघर काढायचं होतं. इथला शब्द चाईल्डमाइंडर. आपल्या घरी 8 वर्षांखालच्या परक्या मुलाला मोबदला घेऊन दिवसाला 2 तासांपेक्षा जास्त सांभाळायचं, तर इंग्लंडात आधी नोंदणी लागते. जी सरकारी संस्था शाळा तपासते, तीच, म्हणजे ऑफस्टेड, 2001 पासून हेही बघते. मोबदला म्हणजे पैसाच असं नाही. 2009 मध्ये पोलीस खात्यातल्या दोघी मैत्रिणी आळीपाळीनं एकमेकींच्या मुली सांभाळत होत्या. त्यांनाही नोंदणी लागेल असं सांगितलं गेलं, केवढा गदारोळ झाला आणि शेवटी मैत्रीतली देवघेव नियमातून वगळावी लागली. मुलं किती घ्यायची तेही ठरलेलं: एका वेळी 8 वर्षांखालची फार तर 6, त्यात 5 वर्षांखालची 3, आणि वर्षाच्या आतलं सहसा एकच.

मी स्वतः डोंबिवलीत काकूंच्या पाळणाघरात वाढले. आई सकाळची लोकल गाठायची आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये. आम्ही किती जण होतो ते कधी कुणी मोजलं नाही. नऊ असू, सुट्टीत अकरा. माझ्या हनुवटीवर ओट्याच्या कडेची खूण आहे. काकूंनी हळद दाबली, संध्याकाळी आईला जिन्यातच सांगितलं, आईनं “चालायचंच” म्हटलं आणि विषय संपला. इथे त्यासाठी वही आहे. काय झालं, किती वाजता, काय उपचार केला, सगळं लिहायचं आणि त्याच दिवशी पालकांना कळवायचं.

ऑफस्टेडच्या तपासणी-भेटीची तारीख ठरल्यावर घरात एकच धांदल उडाली. नवऱ्यानं जिन्याला फाटक बसवलं आणि पहिल्याच रात्री अंधारात त्यालाच अडखळला. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या खुंटीला गुंडाळल्या. शेडला कुलूप लावलं. धुराचा गजर तपासायची वेगळी गरज पडली नाही, मिरचीची फोडणी पडली की तो स्वतःच हजेरी देतो.

स्वयंपाकघरानं मात्र मला नमवलं. इथल्या कायद्यात अॅलर्जीचे 14 पदार्थ नेमून दिलेत. यादी घेऊन मांडणीसमोर उभी राहिले आणि एकेक डबा काढत गेले. दाण्याचं कूट, यादीत. तीळ, यादीत. मोहरी, तीही यादीत! गहू आणि दूध तर आहेतच. शेवटी हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली, तर आत गव्हाचं पीठ. म्हणजे साध्या वरणाला फोडणी दिली तरी दोन रकाने भरले. “मग आपण खातो तरी काय?” सासूबाईंनी विचारलं. मिसळणाच्या डब्याच्या झाकणाला मी चिठ्ठी चिकटवली. माझ्या लग्नात आलेल्या त्या डब्यावर धोक्याची सूचना लिहिताना हसूही येत होतं आणि कसंसंही होत होतं.

घरात राहणाऱ्या 16 वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते. सासूबाई दीड वर्षापूर्वीच सांगलीहून आलेल्या, त्यामुळे त्यांच्यासाठी भारतातल्या पोलिसांचाही दाखला हवा. 34 वर्षं बालवाडी चालवलेल्या बाईला हे सांगायचं कसं? तरुणपणी त्या कोसबाडला प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी मुलांच्या अंगणातच शाळा नेली आणि खेळणी म्हणून बिया, खडे, शिंपले, जे हाताशी असेल ते घेतलं, हे त्यांच्याकडून मी इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे जाऊन आल्यासारखं वाटतं. इकडे येतानाही त्यांच्या बॅगेत चिंचोक्यांची पुरचुंडी होती, नातीला बेरीज शिकवायला. चिंचोका नळीतून जातो हे काय तपासून बघायचं! पुरचुंडी देवांशेजारी फळीवर गेली. तीन वर्षांवरच्या मुलांना, समोर बसून, असा तह झाला. दाखल्याच्या अर्जावर मात्र त्यांनी शाळेच्या दाखल्यावर करायच्या तशी संपूर्ण, वळणदार सही केली.

तपासनीस बाई ठरल्या वेळी आल्या. ज्या घरासाठी आम्ही महिनाभर झिजलो होतो, ते त्यांनी वीस मिनिटांत बघितलं. फाटक हलवलं, औषधांचं कपाट उघडायला सांगितलं, बागेत एक फेरी मारली. मग जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि दोन तास मला विचारत राहिल्या. मूल उठेना तर? एखाद्या मुलाच्या पाठीवर वळ दिसला तर? मी पढवल्यासारखी उत्तरं देत होते. कौन्सिलच्या कुठल्या कक्षाला फोन करायचा, त्याचा नंबर भिंतीवर लावलाच होता.

“आणि तक्रार तुमच्या घरातल्याच माणसाबद्दल असली तर?”

आवाज तोच, पेन तसंच कागदावर टेकलेलं. वर नवरा कॉम्प्युटरवर काम करत होता, त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उत्तर मला पाठ होतं: लपवायचं नाही, आपणच चौकशी करायची नाही, ठरलेल्या अधिकाऱ्याला लगेच कळवायचं, ऑफस्टेडला कळवायचं, त्या माणसाला मुलांपासून दूर ठेवायचं. मी ते म्हटलं. म्हणताना घरच्यांशी फितुरी केल्यासारखं वाटलं, हे खरं.

पण त्याच क्षणी डोंबिवलीचा जिना आठवला. काकूंकडे दुपारी त्यांच्या नात्यातले एक गृहस्थ यायचे, गोळ्या वाटायचे. त्यांच्याशेजारी बसायचं नाही हे आम्हा मुलींना ठाऊक होतं. कुणी शिकवलं ते आठवत नाही, मोठ्या मुलीनं धाकटीला कोपरानं ढोसलं की कळायचं. काकू प्रेमळ होत्या, जिवाला जीव देणाऱ्या होत्या. त्यांना ठाऊक होतं का, हे मी आजही ठरवू शकत नाही. असेल, तर ते सांगायचं कुणाला? आणि आम्ही तरी कुठल्या शब्दांत सांगितलं असतं? आईचा काकूंवर पूर्ण विश्वास होता. त्या विश्वासावर मी कितीतरी वेळा हळवी होऊन बोलले आहे. त्या दुपारी टेबलाशी बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, हा प्रश्न आईनं काकूंना विचारायला हवा होता. तिनं विचारला असता तर काकूंनी तोंड फिरवलं असतं आणि दुसऱ्या दिवसापासून मला ठेवायला दुसरं घर नसतं, हेही तितकंच खरं.

तपासनीस बाईंनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. निघताना त्यांची नजर वरच्या फळीकडे गेली. “ते कोण?” मी म्हटलं, “रांगणारं बाळ आहे.” “मग बरं झालं वर ठेवलंत,” त्या म्हणाल्या. विनोद होता की शेरा, ते कळलं नाही.

काही आठवड्यांनी नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. पहिलं मूल सोमवारी यायचं होतं. रविवारी सकाळी सासूबाई पूजा आटोपून वळल्या आणि फळीचा कोपरा त्यांच्या कपाळाला लागला. मी बर्फ आणेपर्यंत त्यांनी स्वतःच हळद दाबली होती आणि अपघाताची कोरी वही पुढ्यात ओढली होती. वेळ सव्वाआठ, ठिकाण देवघर, उपचार हळद. बालवाडीच्या सुवाच्य अक्षरात सगळे रकाने भरून झाले, एक तेवढा राहिला. पालकाची सही. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.