बाल्टिककाठची पंचायत

हँबुर्गला आमचे धाकटे चिरंजीव नोकरी करतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे दोन महिने राहून आलो. पहिल्याच दिवशी विमानतळावरून घरी जाताना माझे लक्ष मोटारींच्या पाट्यांकडे गेले. जिकडेतिकडे 'एचएच'. एक एच हँबुर्गचा हे उघडच होते. पण दुसरा कशाचा? चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो हान्साचा. हान्साचे शहर हँबुर्ग. ब्रेमेनच्या गाड्यांवर एचबी असते आणि ल्यूबेकच्या एचएल."

हान्सा म्हणजे बाल्टिक आणि उत्तर समुद्राकाठच्या व्यापारी शहरांचा संघ, एवढे शाळेत वाचलेले होते. त्या संघाची शेवटची सभा १६६९ साली झाली. साडेतीनशे वर्षांपूर्वी मोडलेल्या पंचायतीचे नाव हे लोक अजून मोटारीवर मिरवतात, याची मला गंमत वाटली, आणि तिची राजधानी पाहिल्याशिवाय परतायचे नाही असे मी ठरवून टाकले.

ल्यूबेक हँबुर्गपासून आगगाडीने पाऊण तासाच्या अंतरावर आहे. एका शनिवारी सकाळी सौ.ने थालीपिठे बांधून घेतली आणि आम्ही निघालो. स्टेशनातून दहा मिनिटे चालले की होल्स्टेनटोर ही वेस समोर येते. दोन गलेलठ्ठ मनोरे, डोक्यावर टोकदार टोप्या, आणि दलदलीत पाया खचल्यामुळे दोघेही एकमेकांकडे कललेले. "जेवण अंगावर आलेल्या व्याह्यांसारखे दिसतात," सौ. म्हणाल्या. १४७८ साली पुरी झालेली ही वेस १८६३ साली पाडायला निघाले होते. अवघ्या एका मताने ती वाचली. पुढे तिला पन्नास मार्कांच्या नोटेवर जागा मिळाली! वेशीवर सोनेरी लॅटिन अक्षरे आहेत. अर्थ असा, की घरात एकोपा आणि बाहेर शांतता.

वेशीशेजारी नदीला पाठ लावून विटांची सहा जुनी कोठारे उभी आहेत. ती मिठाची. शहराचे सारे वैभव या मिठातून आले. ल्यूनेबुर्गच्या जमिनीखालचे खारे पाणी आटवून मीठ काढायचे, ते ल्यूबेकला आणायचे आणि येथून गलबतांनी स्वीडनच्या दक्षिण टोकाला धाडायचे. तेथे हेरिंग मासळीचे थवेच्या थवे येत. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा भाऊबंद. मीठ लावून पिपांत भरलेली ही मासळी सबंध युरोप उपासाच्या दिवशी खाई, कारण त्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासे चालत. आपल्याकडच्या सारस्वतांना हा उपास मानवला असता.

आता मीठ एका गावचे, मासळी दुसरीकडची, आणि वाटेत चोर. म्हणून १२४१ साली ल्यूबेक आणि हँबुर्ग यांनी रस्त्याच्या रक्षणासाठी करार केला. हळूहळू एकेक शहर अशा करारांत येत गेले आणि १३५६ साली सर्वांची पहिली मोठी सभा ल्यूबेकला भरली. या संघाला ना राजा, ना कायमची फौज, ना स्वतःचा खजिना. सभासद नेमके किती, याचीदेखील पक्की यादी नव्हती. तरीही राजेलोक त्याला वचकून असत.

नगरमंदिर बाजारचौकातच आहे. काळ्या चकचकीत विटांची भिंत आणि तीत वारा जायला ठेवलेली मोठाली गोल भोके. आतल्या एका दालनाच्या दाराला दोन उंची आहेत. निर्दोष सुटलेला माणूस उंच दारातून ताठ मानेने जायचा, दोषी ठरलेला बुटक्या दारातून वाकून, असे सांगतात. हान्साच्या सभांबद्दल वाचताना मात्र मला हसू आवरेना. प्रतिनिधी उशिरा येत, काही येतच नसत, आणि अवघड ठराव आला की म्हणत, "आमच्या नगरसभेला विचारून कळवतो."

हसू आले खरे, पण ते फार वेळ टिकले नाही. हे वाक्य मी स्वतः उच्चारलेले आहे.

१९८७ साली मी कोकणातल्या एका लहान बंदरगावी नगरपालिकेचा सभासद होतो. गावाचे नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. खाडीच्या मुखाशी गाळ साचत चालला होता. ओहोटीला मचवे रुतत, कोळी मंडळी भरतीची वाट पाहत बाहेर ताटकळत. खाडीवरच्या तीन गावांनी मिळून एकच अर्ज मुंबईला न्यायचे ठरले. पलीकडच्या गावचे माझ्याच वयाचे एक मास्तर त्यासाठी तरीतून हेलपाटे घालीत. तेवढ्यात कोणीतरी माझ्या कानात सांगितले, "तुम्ही वेगळा अर्ज करा, तुमच्यापुरता धक्का होऊन जाईल." मास्तर सही घ्यायला आले तेव्हा मी म्हणालो, "सभेला विचारून कळवतो." सभेला मी विचारलेच नाही. आम्हांला धक्का मिळाला. गाळ तसाच राहिला. आज ओहोटीला तो धक्का चिखलात उभा असतो.

ल्यूबेकचा प्रकार आमच्यापेक्षा कडक. १३६२ साली डेन्मार्कचा राजा वाल्देमार याच्याविरुद्ध शहरांचे संयुक्त आरमार निघाले. सेनापती होते ल्यूबेकचे नगराध्यक्ष योहान व्हिटेनबोर्ग. त्यांनी वेढ्यासाठी माणसे किनाऱ्यावर उतरवली, रिकामी गलबते डेनांनी उचलली. पुढल्या वर्षी याच बाजारचौकात नगराध्यक्षांचे मस्तक उडविण्यात आले. आमच्याकडे फार तर अविश्वासाचा ठराव येतो. व्हिटेनबोर्ग हे पेशाने व्यापारी, आणि त्यांची जमाखर्चाची वही आजही शिल्लक आहे.

मार खाऊनही शहरे पांगली नाहीत, याचे मला अधिक नवल वाटते. १३६७ साली कोलोनला जमून त्यांनी नव्याने शपथा घेतल्या, आणि १३७० च्या स्ट्रालझुंडच्या तहात डेन्मार्ककडून त्या मासळीच्या किनाऱ्यावरचे किल्ले पंधरा वर्षांसाठी घेतले. पण जो संघात मोडता घाली त्याची गय नसे. इंग्लंडशी परस्पर सूत जुळवले म्हणून १४७१ साली खुद्द कोलोनला वाळीत टाकले. पाच वर्षांनी परत घेतले.

हे सारे ऐकून हान्साचे गोडवे गावेसे वाटतात. पण १२८४ साली याच शहरांनी नॉर्वेचे धान्य तोडले होते. राजाशी भांडण, उपाशी मात्र प्रजा. एकीचे बळ कोणाच्या ताटावर पडते, हेही पाहावे लागते. सेंट मेरीच्या चर्चमध्ये १९४२ च्या मार्चातल्या बाँबहल्ल्यात मनोऱ्यावरून कोसळलेल्या घंटा पडल्या तशाच जमिनीत रुतलेल्या ठेवल्या आहेत. तेथे सौ. बराच वेळ उभ्या होत्या. बोलल्या नाहीत.

दुपारी ट्रावेम्युंडेला गेलो. तेथे नदी समुद्राला मिळते. सौ.नी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि म्हणाल्या, "अहो, हा कसला समुद्र? खारटपणा तो काही नाहीच!" बरोबर होते. बाल्टिकचे तोंड अरुंद, भरती-ओहोटी नावापुरती. आतले सारे पाणी बदलायला तीसेक वर्षे लागतात. एका गावाने सोडलेली घाण साऱ्यांच्याच दारात फिरत राहते. उन्हाळ्यात निळसर हिरवे शेवाळे माजते.

म्हणून १९९१ साली ग्दान्स्कला या समुद्राकाठची बत्तीस शहरे पुन्हा एकत्र बसली आणि बाल्टिक शहरांचा संघ स्थापन झाला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत यांतली कित्येक शहरे पोलादी पडद्याच्या दोन बाजूंना होती. या वेळी हेरिंगचा प्रश्न नव्हता, सांडपाण्याचा होता. २००७ साली हेलसिंकी आणि टुर्कूच्या नगराध्यक्षांनी तर सरकारची वाट न पाहता आपापल्या गावचे काम जाहीर केले आणि इतरांनाही तसेच करण्याचे आव्हान दिले. इथे कोणाचे मस्तक उडत नाही. कामे सावकाश होतात, कंटाळवाणी असतात.

परतताना ल्यूबेकच्या प्रसिद्ध मार्झिपानचे दोन डबे घेतले. बदाम-साखरेची ती मिठाई आपल्या बदामाच्या वडीला जवळची. एक डबा घरच्यांनी संपवला. दुसरा कोणासाठी, असे सौ.नी विचारले तेव्हा मी मास्तरांचे नाव सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, पण डबा कपाटात वरच्या फळीवर नीट ठेवला. खाडीवर पूल झाल्याला आता बरीच वर्षे झाली. तर केव्हाच बंद पडली. पलीकडे जायला पाच मिनिटे लागतात. दिवाळीच्या फराळाबरोबर नेऊन द्यावा म्हणतो.