नवा सेन्सर, तोच धूर

चेक इंजिनचा दिवा लागला की डोंबिवली-कल्याणचं गिऱ्हाईक एकच वाक्य घेऊन गॅरेजात येतं: सेन्सर गेलाय, बदलून द्या. स्कॅनरवर कोड येतो हे खरं. पण कुठलं मोजमाप कंट्रोल युनिटला पटलं नाही, एवढंच तो कोड सांगतो. ते का पटलं नाही, हे आपण शोधायचं असतं.

म्हणून मी आधी सायलेन्सरमागे उभा राहतो. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय. टर्बोचं सील बघा, रिंगा बघा. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. वास गोडसर आला तर कूलंट, आणि मग हेड गॅस्केटची धास्ती. काळा धूर मात्र भल्याभल्यांना फिरवतो.

मध्यंतरी एक जुनी बीएस-४ हॅचबॅक आली. पिकअप नाही, मागे काळा धूर, आणि हवा मोजणारा सेन्सर दुसरीकडे बदलूनही कोड तोच. उभ्या गाडीला रेस दिली तर धूर नावाला. पीयूसीची चाचणीही उभ्या गाडीवरच होते, त्यामुळे तिथेही असा दोष सुटू शकतो. मुंब्रा बायपासच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि आरशात काळा लोट दिसला. स्कॅनरवर टर्बोचं प्रेशर हवं त्याहून बरंच कमी. परत येऊन इंटरकूलरच्या होजखालून बोट फिरवलं. क्लॅम्पच्या कडेला तेलकट ओल लागली, आणि तिच्याखाली नखाएवढी चीर. एरवी मिटलेली, दाब आला की उघडणारी. सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटत होती आणि डिझेल मात्र पूर्ण हवेच्या हिशोबाने पडत होतं. बदललेला जुना सेन्सर खरंच बोलत होता!

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर दिसतच नाही, काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या वाटेवरच्या गाळणीत, अडकते. ती जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. कल्याण-शीळ रस्त्यावर नाहीतर घोडबंदरला रांगणाऱ्या गाडीला ते कुठून मिळणार? डीपीएफ तुंबतो, दाबाचा सेन्सर कोड देतो आणि पुन्हा सेन्सरवरच खापर फुटतं. काही जण डीपीएफच काढून टाका म्हणतात. ते काम मी घेत नाही. त्याच ट्रॅफिकमध्ये मागच्या रिक्षात शाळेची पोरं बसलेली असतात, काजळी त्यांच्या छातीत जाते.

डीपीएफ फार भरला नसेल तर मी गिऱ्हाइकाला गाडी नाशिक हायवेला, पडघ्याच्या पुढे, एका लयीत चालवून आणायला सांगतो. मग दाबाचे आकडे पुन्हा बघतो. ते उतरले नाहीत, तरच पाना उचलतो.