बाईंचे अनुस्वार

आमच्या आजीला घरीदारी सारे बाईच म्हणत. आम्ही नातवंडेही त्यांच्याच वर्गात बसून शिकलो, त्यामुळे 'आजी' हा शब्द आमच्या तोंडी कधी रुळला नाही. माण तालुक्यातील एका गावी त्यांनी पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. १९७२ च्या दुष्काळात मुले आईबापांबरोबर खडी फोडायला जाऊ लागली, तेव्हा बाई रविवारी पाट्या घेऊन कामावर जात आणि जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली वर्ग भरवीत. गावात त्यांची आठवण निघते ती बहुधा यासाठी. आम्हांला मात्र त्यांचे अनुस्वार आठवतात.

१९६२ साली लोकल बोर्डाची ती शाळा जिल्हा परिषदेकडे आली. त्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने मान्य केले. नांव, गांव, पांच, कांहीं, आतां यांवरची न उच्चारली जाणारी टिंबे गेली. ती गेली हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. ज्या घरांतून पहिल्यांदाच कोणी शाळेत येत होते, तेथील मुलांनी कानाला न ऐकू येणारे टिंब कशाच्या आधारे द्यावे? बाई म्हणत, "ह्या टिंबांपायी किती पोरांचे गुण कापले मी!" 'बाईंनी', 'गुरुजींना' यांतला अनुस्वार नव्या नियमांनीही राखला, याचे मात्र त्यांना समाधान होते. "मानाचं टिंब ठेवलंय," असे त्या वर्गाला सांगत.

तरीही पत्रे त्या अखेरपर्यंत जुन्या पद्धतीनेच लिहीत. आम्ही एकदा त्यांना याबद्दल छेडले. "शाळा सरकारची, पत्र माझं," एवढेच उत्तर मिळाले.

सवयीपलीकडे त्यात काही असेल असे आम्हांला तेव्हा वाटले नव्हते. पण जुन्या लेखनातली सगळीच टिंबे शोभेची नव्हती. काही व्याकरणाचे काम करीत. 'मी' हा प्रथमेचा आणि 'मीं' हा तृतीयेचा, म्हणजे 'माझ्याकडून' या अर्थाचा. 'ती आली' म्हणजे एकटी बाई आली. 'तीं आलीं' हे नपुंसकलिंगी अनेकवचन. मुले आली तरी तसे, आणि स्त्रीपुरुष मिळून आले तरी तसेच लिहिण्याचा मराठीचा जुना रिवाज. आज दोन्ही वाक्ये कागदावर सारखीच दिसतात. संदर्भावरून अर्थ कळतो हे खरे, परंतु संदर्भ सांगणारे माणूस हयात असावे लागते.

आमच्या आत्याने १९६७ साली जातीबाहेर नोंदणी विवाह केला. "एकटी आलीस तर दार उघडं आहे," असे आजोबांनी तिला कळवले. ती दोन वर्षे आली नाही. त्यानंतर बाईंनी इंदूरच्या आपल्या बहिणीला एक कार्ड लिहिले. त्यात पाऊस, हरभरा, कोणाचे तरी बाळंतपण आणि मध्येच ही दोन वाक्ये होती: 'काल तीं आलीं. दार मीं उघडलें.' आजोबा तेव्हा घरात होते की नव्हते, याचा कार्डात उल्लेख नाही.

बाईंच्या जन्मशताब्दीला आम्ही त्यांच्या निवडक पत्रांची घरगुती पुस्तिका काढली. अक्षरजुळणी करणाऱ्याने चालू नियमांप्रमाणे सारी टिंबे काढली. त्याचे काही चुकले नव्हते. मुद्रिते आत्याकडे वाचायला पाठवली. आत्याने ते पान दोनदा वाचले आणि म्हणाली, "हे आईनं लिहिलेलं नाही. मी एकटी त्या घरी कधीच गेले नाही."

आम्ही कपाटातून मूळ कार्ड काढले आणि त्या दोन वाक्यांत चार टिंबे परत घातली. पुस्तिकेतील बाकीचा मजकूर नव्या नियमांप्रमाणे आहे. तसा नसता तर बाईंनी लाल शाईची दौत मागितली असती.