कमी गुणांचा आनंद

चालणे म्हणजे काय, याचा विचार आपण कधी करतो का? माझ्या धाकट्या बहिणीला सेरेब्रल पाल्सी आहे. रस्त्यावरचे लोक एका नजरेत तिला ‘लंगडी’ ठरवून मोकळे होतात. फिजिओथेरपिस्ट बाईही डोळ्यांनीच पाहतात. पण समोरून व बाजूने चित्रीकरण करून, ते पुनःपुन्हा थांबवून. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरोच्या तक्त्यात प्रत्येक पायाच्या १७ बाबी आहेत: टाच आधी टेकते का, गुडघा किती वाकतो. दोष नसेल तर शून्य, फार असेल तर दोन. आपल्या परीक्षेच्या अगदी उलट! ‘लंगडी’ या शब्दात कमी-जास्त नसते. गुणांत असते, आणि तिथेच आशेला जागा मिळते. शस्त्रक्रियेनंतर तिचे पाच गुण कमी झाले, तेव्हा आईने पेढे वाटले.