एम.ए.ला अमेरिकन साहित्य कशाला, असं मीच म्हणाले होते

गेल्या वर्षी जुलैमध्ये आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत एक मुलगी आली. एम.ए. इंग्रजीचं दुसरं वर्ष. हातात बाजारात मिळतं ते गाईड, आणि त्यात पेनाने अधोरेखित केलेल्या ओळी, म्हणजे जवळजवळ सगळ्याच ओळी. म्हणाली, "ताई, मॉडर्न अमेरिकन लिटरेचरचा पेपर घेतलाय. काहीच कळत नाही. सर म्हणतात, गाईड पाठ करा."

मी गाईड चाळलं आणि तिला अगदी गोड शब्दांत सांगितलं, "अगं, सोड हे. अमेरिकेचं साहित्य वाचून आपल्याला काय मिळणार? समाजशास्त्र घे, नेट-सेटला बरं पडतं. नाही तर तलाठी भरतीचा अभ्यास कर."

ती काही बोलली नाही. गाईड पिशवीत टाकून निघून गेली. रात्री मला झोप लागेना. कारण हेच वाक्य, याच गोड आवाजात, मलाही एकदा सांगितलं गेलं होतं.

२०१० ची गोष्ट. वडील मोंढ्यात हमाली करायचे. त्यांच्या मुलीने इंग्रजी घेऊन बी.ए. केलं याचंच घरात केवढं कौतुक. मी एम.ए. इंग्रजीला प्रवेश घेतला. वर्गात फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' ही १९२५ ची कादंबरी शिकवत होते. पार्ट्या, हिरवा दिवा, प्रेमभंग, अमेरिकन ड्रीम. पण त्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात टॉम ब्यूकॅनन नावाचा गडगंज श्रीमंत माणूस जेवणाच्या टेबलावर एका पुस्तकाचा हवाला देऊन सांगतो, की गोऱ्या वंशाने वेळीच सावध व्हायला हवं, नाही तर इतर वंश वरचढ होतील. ते मला खटकलं, कारण असले लोक मी पाहिले होते. आरक्षणाचा विषय निघाला की जेवताना असंच बोलतात. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी उठून विचारलं, "सर, हे इथे का आलंय?"

प्राध्यापक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हा साहित्याचा प्रश्न नाही, सोशिऑलॉजीचा आहे. तुम्ही तो विषय का घेत नाही? तुम्हा लोकांना तो बरा पडेल." त्या 'तुम्हा लोकांना'मध्ये मुली आल्या, की मराठी माध्यमवाले आले, की आणखी कोणी, हे मी विचारलं नाही. वर्षाच्या शेवटी त्याच पेपरात नापास झाले आणि पुढच्या वर्षी समाजशास्त्राला गेले.

समाजशास्त्राबद्दल माझी तक्रार नाही. आज जे काम करते ते त्याच्याच जोरावर. पण तिथेही एक मजा झाली. मी एका निबंधात कादंबरीचा दाखला दिला, तर शेरा मिळाला की कादंबरी म्हणजे डेटा नव्हे. म्हणजे साहित्यवाले म्हणतात हे समाजशास्त्र आहे, आणि समाजशास्त्रवाले म्हणतात हे साहित्य आहे. मधल्या मध्ये माणूस गेला कुठे?

शिकागो स्कूल आम्हाला अभ्यासाला होतं. पार्क, बर्जेस, शहराची एकात एक वर्तुळं. परीक्षेत कंपासने ती वर्तुळं काढून मी मार्क मिळवले. त्याच शिकागोच्या साउथ साइडवर, काळ्यांना जिथे कोंडून ठेवलं होतं त्या भागावर, सेंट क्लेअर ड्रेक आणि होरेस केटन या दोन कृष्णवर्णीय अभ्यासकांनी १९४५ मध्ये 'ब्लॅक मेट्रोपोलिस' हा ग्रंथ लिहिला. त्याची प्रस्तावना लिहिली रिचर्ड राइट या कादंबरीकाराने, ज्याची 'नेटिव्ह सन' ही १९४० ची कादंबरी त्याच वस्तीत घडते. समाजशास्त्राच्या ग्रंथाला कादंबरीकाराची प्रस्तावना! मी वर्तुळं काढत होते त्या शहराची कादंबरी आमच्याच इमारतीत, एक जिना वर शिकवता आली असती. ती तिथेही कोणी शिकवत नव्हतं.

तर, दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, काल चुकलं माझं. पुस्तक घेऊन ये, गाईड नको.

पहिलं नाटक आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन', १९४९ चं. आम्ही दोघी शब्दकोश घेऊन बसायचो, तासाला चार-पाच पानं व्हायची. विली लोमन हा त्रेसष्ट वर्षांचा फिरता विक्रेता. आयुष्यभर कंपनीसाठी गाडी हाकली, आणि आता मालकाचा पोरगा त्याला कामावरून काढतो. शेवटी विम्याचे वीस हजार डॉलर मुलाला मिळावेत म्हणून तो गाडीसकट जीव देतो. अंत्यविधीच्या दिवशीच घराचा शेवटचा हप्ता फिटलेला असतो. नाटक थोर आहे, यात वाद नाही. वडलांची आठवण येऊन मी एकदा मध्येच थांबले होते.

पण तिचा प्रश्न वेगळाच होता. "ताई, याचं घर तर स्वतःचं होतं ना? ब्रुकलिनमध्ये. त्याला ते दिलं कोणी?"

मला आधी हसू आलं. मग वाटलं, आख्ख्या गाईडमध्ये हा प्रश्न नाही. तिथे 'अमेरिकन ड्रीमचा भंग' या मथळ्याखाली सात मुद्दे आहेत. ज्यांना ते स्वप्न विकत घ्यायला दुकानातच शिरू दिलं नाही, त्यांच्याबद्दल एकही नाही. त्या काळात अमेरिकेतल्या कितीतरी वस्त्यांमध्ये घरमालक आपसात करार करायचे, की काळ्या माणसाला घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. कायदेशीर, कागदावर, सही करून. अशा करारांची अंमलबजावणी कोर्टांनी करायची नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं १९४८ मध्ये. विली लोमन रंगमंचावर आला त्याच्या एकच वर्ष आधी.

मग मी तिला लोरेन हॅन्सबरीचं 'अ रेझिन इन द सन' आणून दिलं. तिच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं. १९५९ चं हे नाटक ब्रॉडवेवर आलेलं कृष्णवर्णीय स्त्रीचं पहिलं नाटक. यातही विम्याचाच पैसा. राबून राबून बाप मेला, त्याचे दहा हजार डॉलर येणार आहेत. साउथ साइडच्या कोंदट खोल्यांत राहणारं कुटुंब, संडास जिन्यात, शेजाऱ्यांबरोबर सामाईक. आई त्यातले साडेतीन हजार भरून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. तेव्हा त्या वस्तीच्या समितीचा एक माणूस, लिंडनर, भेटायला येतो. शिव्या देत नाही, धमकी देत नाही. इतकं नम्र बोलतो की तो कशाला आलाय हे घरच्यांना आधी कळतच नाही. आम्ही तुमच्याकडून ते घर जास्त पैसे देऊन परत घेतो, असा त्याचा प्रस्ताव.

हे पान वाचून झालं आणि ती मुलगी गप्प बसली. मग तिने सांगितलं. एम.ए.ला आली तेव्हा कॉलेजजवळ एक खोली मिळाली होती. तिच्या आडनावावरून जात कळत नाही. सामान लावताना पेटीतून बाबासाहेबांची तसबीर निघाली, ती घरमालकिणीने पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, भाचा यायचाय, खोली लागेल. ॲडव्हान्स पूर्ण परत दिला, वर चहाही दिला. "ताई, चहा दिला म्हणून मला रडताही येईना," ती म्हणाली. दोन वर्षं तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. लिंडनर वाचला तेव्हा सांगितलं.

हॅन्सबरीने हा प्रसंग हवेतून काढलेला नाही. ती लहान असताना, १९३७ मध्ये, तिच्या वडलांनी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. जमाव घरावर चालून आला, खिडकीतून फेकलेला तुकडा त्या मुलीला लागता लागता राहिला. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९४० मध्ये वडील जिंकले, पण एका तांत्रिक मुद्द्यावर. तो करारच अन्यायाचा आहे, असं कोर्ट तेव्हा म्हणालं नाही. ॲट्रॉसिटीच्या केसेसमागे कोर्टात हेलपाटे घालणाऱ्यांना हा तांत्रिक मुद्दा समजावून सांगायला नको.

मिलर आणि हॅन्सबरी, मध्ये दहा वर्षं. दोन घरं, विम्याचे दोन पैसे. एक माणूस शर्यतीत हरला म्हणून मरतो, दुसऱ्याला शर्यतीच्या मैदानात पाय ठेवू नकोस म्हणून पैसे देऊ करतात. ही दोन नाटकं शेजारी ठेवून शिकवली तर अमेरिकन ड्रीमवर सात मुद्दे पाठ करायची गरजच उरणार नाही. पण एक कम्पल्सरी असतं आणि दुसरं नसतं. टोनी मॉरिसनला १९९३ मध्ये नोबेल मिळालं म्हणून तिची एखादी कादंबरी शेवटच्या युनिटमध्ये येते. शेवटचं युनिट म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना विचारा. वेळ उरला तर, नाही तर सेल्फ स्टडी.

इथपर्यंत चळवळीतले मित्र माना डोलावतील. आता थोडं त्यांच्याबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल.

दलित पँथरचं नाव ब्लॅक पँथरवरून आलं, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी एका तरी काळ्या लेखकाचं पुस्तक वाचलंय? मीही नव्हतं वाचलं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली, तीही जयंतीला आठवते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात होते, हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. अर्थशास्त्रासाठी गेलेल्या या माणसाने समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे सगळे वर्ग केले. हा प्रश्न कोणत्या खात्याचा, असं विचारत बसले नाहीत. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसना पत्र लिहिलं आणि काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं.

आणि मराठीत हे साहित्य आणलं कोणी? अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखडेंनी नागसेनवनात आपल्या मुलांना काळ्यांच्या साहित्याची ओळख करून दिली. 'अस्मितादर्श'चा जन्म त्याच वातावरणातला. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन काळ्यांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं. मिलिंदसमोरच्या रस्त्याने मी किती वर्षं रिक्षाने जात होते, आणि हे मला कळलं वयाच्या पस्तिशीत. ज्या पेपरात मी 'परकी' म्हणून नापास झाले, त्या पेपराचा एक वाचकवर्ग माझ्याच गावात, माझ्या जन्माआधी तयार झाला होता.

म्हणून कोणी म्हणालं, "बाबासाहेब वाचा, परदेशी साहित्य कशाला," की मी आता भांडते. पूर्वी मीच ते म्हणायचे.

दुसऱ्या टोकाचाही धोका आहे. काळे म्हणजे आपण, गोरे म्हणजे ते, असं समीकरण मांडून मोकळं व्हायचं. तसं नाही. त्यांचा रंग लांबून दिसतो, आपलं आडनाव विचारावं लागतं. तिथे बाटणं हा प्रकार आपल्यासारखा धर्मग्रंथात बसवलेला नव्हता. बाबासाहेबांनीही गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली ती फरक दाखवत. शिवाय साम्यच शोधत बसलं की नाटकातलं निम्मं निसटतं. हॅन्सबरीच्या नाटकात बेनिथा नावाची मुलगी आहे, तिला डॉक्टर व्हायचंय. आई उरलेले साडेसहा हजार मुलाच्या, वॉल्टरच्या, हातात देते आणि बजावते, त्यातले तीन हजार बहिणीच्या शिक्षणाचे बाजूला ठेव. तो ठेवत नाही. सगळे दारूच्या दुकानाच्या धंद्यात घालतो आणि भागीदार पैसे घेऊन पळतो. अभ्यासिकेत हे वाचलं तेव्हा मुलांनी लिंडनरला शिव्या घातल्या, मुलींनी वॉल्टरला. पोरांना ते आवडलं नाही. "ताई, तो पण पीडितच आहे ना?" आहे की. पण मोडली ती बहिणीची फी. आपल्या किती घरांत हेच झालंय याची मोजदाद कोण करणार?

त्या मुलीने परीक्षेत सेल्समनच्या प्रश्नाला हॅन्सबरी जोडून उत्तर लिहिलं. मार्क बेताचे पडले, गाईडवाल्या मैत्रिणीला चार जास्त. ती मात्र पास झाली आणि आता पीएच.डी.चा विषय म्हणून घरं नाकारली जाण्याची नाटकं घ्यायची म्हणते. एका मार्गदर्शकांनी तिला विचारलंय, की हे जरा समाजशास्त्राकडे झुकत नाही का.

एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात आम्ही विहारात त्या नाटकाच्या एका प्रवेशाचं वाचन ठेवलं. मुलांनीच जमेल तसं मराठी केलं होतं. आईचं काम तिने घेतलं, वॉल्टरचं एका रिक्षावाल्याच्या मुलाने, बेनिथासाठी तर तिघी भांडल्या. लिंडनर व्हायला कोणीच तयार होईना. एवढं गोड बोलायचं, तेही आपल्याच माणसांशी, जमणार नाही म्हणाले.

शेवटी ते काम मी घेतलं.