पोत्यातली साखर कोणत्या उसाची?

सकाळी गाळपाचा आकडा येतो, पाठोपाठ पोत्यांचा. एकाला दुसऱ्याने भागून ‘आजचा उतारा’ सांगणारे संचालक मी पुष्कळ पाहिले. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या माणसाला तो भागाकार टोचतो. आज काट्यावर आलेला ऊस आज पोत्यात जात नाही. रस काही मिनिटांत निघतो, पण ‘सी’ पॅन शिजायलाच सहा-आठ तास घेतो, मग क्रिस्टलायझरमध्ये तो माल दिवसभर, कधी त्याहून जास्त, निवत राहतो. शेवटची मळी हाती येईपर्यंत त्या उसाचं पाचट शेतात वाळलेलं असतं. हंगामाच्या दोन्ही टोकांना हे उघडं पडतं. पहिली मोळी टाकली त्या दिवशी पोतं जवळजवळ नसतंच, आणि गव्हाण थांबल्यावरही साखर येतच राहते.

म्हणून केमिस्ट टाक्या मोजतो. रस, सिरप, पॅन, क्रिस्टलायझर, सगळ्यांची पातळी, ब्रिक्स, पोल. त्यातून किती साखर निघेल हे एसजेएम सूत्राने काढतो: साखर, रस आणि मळी या तिघांच्या शुद्धतेवरून. साखर १००, रस ८० आणि मळी ३० धरली तर रसातली ८९.३ टक्के साखर मिळायला हवी. मळी ३१ झाली, की ८८.८. अर्धा टक्का किरकोळ वाटतो. पण रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात, शंभर टन उसामागे रसात १३ टन साखर असेल, तर रोजची तीसेक क्विंटल साखर मळीत जाते.

आणि नेमका हाच आकडा सगळ्यांत उशिरा कळतो. दैनिक अहवालात बगॅसचा पोल आजचा असतो आणि शेजारच्या रकान्यातली मळी परवाच्या उसाची. मी माझ्या वहीत मळीचा रकाना दोन दिवस मागे सरकवून लिहीत आलो. तसं केलं की कारणं दिसू लागतात. जळालेला, तोडून पडून राहिलेला ऊस आला, की त्यात डेक्स्ट्रान वाढतं, माल चिकट होतो, दाणा नीट बसत नाही आणि मळीत साखर राहते. वहीत हा ऊस आणि ती मळी एका ओळीत येतात. अहवालात येत नाहीत, आणि बोलणी खातो तो परवाच्या उसाशी झुंजणारा पॅनमन.

कार्यकारी संचालकांना एवढंच सांगणं आहे: मळीची शुद्धता वाढलेली दिसली, तर पॅनमनला बोलावण्याआधी दोन दिवसांपूर्वीचं उसाचं रजिस्टर मागवा.