निवळ पाणी आणि शुद्ध पाणी

निवळ आणि शुद्ध हे दोन शब्द आपण बोलण्यांत एकमेकांच्या जागीं इतक्या सहजपणें वापरतों कीं, त्यांच्या अर्थांत कांहीं अंतर असेल ही शंकाहि मनास शिवत नाहीं. पाण्याचा तळ दिसला म्हणजे पाणी चांगलें, हा आपला पिढीजात निकष. माठाच्या आंतल्या अंगास निवळीचें बीं उगाळावें, हंड्यांत तुरटी फिरवावी, चौपदरी फडक्यानें गाळ अडवावा, आणि डोळ्यांचें समाधान झालें कीं पाणी प्यावें, असा प्रघात घरोघर होता. गाळ बसविण्याच्या कामीं हे उपाय गुणकारी आहेत यांत संशय नाहीं. परंतु जें डोळ्यांना दिसतच नाहीं, जें पाण्यांत विरघळूनच राहिलेलें असतें, त्याचें काय? हा प्रश्न आमच्यापुढें वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं उभा राहिला. आणि तोहि एखाद्या ग्रंथामुळें नव्हे, तर माशांच्या एका पेटीमुळें.

सिद्धगडाच्या पायथ्याशीं, मुरबाड तालुक्यांत, गेल्या कांहीं वर्षांपासून आमचें बिर्‍हाड आहे. तेथें आठ फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट उंच अशी कांचेची पेटी आम्हीं बसविली. प्राध्यापकास हा कसला छंद, असें वाचकांपैकीं कोणी म्हणेल. त्यांना आम्ही एवढेंच सांगूं कीं, बाराव्या शतकांत मानसोल्लास लिहिणार्‍या चालुक्य सोमेश्वरानें राजाच्या विनोदांत मत्स्यविनोदाला स्थान दिलें आहे. मग प्राध्यापकानें संकोच कां करावा? पेटींत सुमारें २,००० लिटर पाणी मावतें, म्हणजे केवळ पाण्याचेंच वजन दोन टन. तिच्याखालीं काँक्रीटचा चौथरा घालावा लागला. कांचेवर पडणारा पाण्याचा दाब पेटीच्या लांबीवरून ठरत नाहीं, पाण्याच्या खोलीवरून ठरतो. पास्कलचा हा सिद्धान्त शाळेंत पाठ केला होता, त्याची किंमत कांचवाल्याचें बिल हातीं आलें तेव्हां कळली.

मासे मात्र ओढ्यांतून धरून आणले नाहींत. हा प्रदेश भीमाशंकर अभयारण्याचा आहे. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर प्रवाहाविरुद्ध चढणारी वलगण पाहण्यांत जो आनंद आहे, तो त्या माशांना कैद करून मिळणारा नव्हे. पाळीव पैदाशीचे चोवीस मासे पुढें विकत आणले. पण तें पुढें. आधीं पाण्याची व्यवस्था.

एवढ्या मोठ्या पेटीला बाजारांतील लहान गाळणी पुरत नाहीं. तिच्यासाठीं खालीं दुसरी पेटी ठेवितात. वरच्या पेटीच्या एका कोपर्‍यांत कांचेचा बांध असतो. त्यावरून सांडणारें पाणी नळीनें खालीं उतरतें, प्रथम स्पंजांतून जाऊन मळ टाकतें, मग सच्छिद्र चिनी मातीच्या कड्यांच्या राशीवरून झिरपतें, आणि शेवटच्या कप्प्यांतून पंपानें पुनः वर चढतें. आमचा पंप तासाला सुमारें ८,००० लिटर पाणी फिरवितो, म्हणजे सगळी पेटी तासांत चार वेळां गाळून निघते. परतीच्या नळीला पाण्याच्या पृष्ठभागालगत एक बारीक छिद्र ठेवावें लागतें. नाहींतर वीज जातांच पाणी त्याच नळीनें उलटें ओढलें जाऊन दिवाणखान्यांत पसरावयाचें. ह्याच कारणास्तव खालची पेटी कधीं कांठोकांठ भरीत नाहींत. वरून उतरणार्‍या पाण्यासाठीं तींत जागा मोकळी राखतात. ह्या खालच्या पेटीला धंद्यांतले लोक 'संप' म्हणतात. मराठींत संप म्हणजे काम बंद. येथें मात्र संप चालूं असतो तोंवरच काम चालतें, आणि तो थांबला कीं प्राण जातात.

प्राण जातात ते कशानें? माशाच्या कल्ल्यांतून व मलांतून अमोनिया बाहेर पडतो. त्याला रंग नसतो. पाणी आरशासारखें निवळ दिसत असतांना मासे त्यानें मरतात. कड्यांवर वसणारे अतिसूक्ष्म जीवाणू ह्या अमोनियाचें नायट्राइट करितात, तेंहि विषारीच. मग दुसर्‍या जातीचे जीवाणू त्याचें नायट्रेट करितात, आणि तें बेताच्या प्रमाणांत माशांस सोसतें. ही किमया कळण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८४९ मध्यें कांचपात्रांत मासे, पाणवनस्पति आणि गोगलगायी एकत्र ठेवून त्यांचा परस्परांवर निर्वाह कसा चालतो हें पाहिलें. १८७७ मध्यें श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं सांडपाणी वाळूच्या थरांतून हळूहळू पाझरविलें. थरांत क्लोरोफॉर्म सोडतांच नायट्रेट होणें थांबलें, आणि हें काम वाळूचें नसून वाळूवर राहणार्‍या सजीवांचें आहे, असें सिद्ध झालें. पुढें ह्याच विषयावर रोथॅमस्टेड येथें वॉरिंग्टनांच्याच मुलानें वर्षानुवर्षें काम केलें. बापानें पात्र मांडावें आणि त्यांतलें रहस्य मुलानें उकलावें, असा योग विद्येच्या इतिहासांत क्वचितच येतो.

ह्यांतला बोध केवळ माशांपुरता नाहीं. १८९२ मध्यें हांबुर्ग शहरांत पटकीनें आठ हजारांहून अधिक माणसें दगावलीं. लगतचें आल्टोना नदीच्या खालच्या अंगास होतें. हांबुर्गचें सांडपाणी मिसळलेलें पाणीच त्याच्या वांट्यास येई. तरीहि तें बर्‍याच अंशीं बचावलें, कारण तें पाणी वाळूच्या गाळण्यांतून जात असे आणि हांबुर्गचें जात नसे. वाळूच्या माथ्यावर जमणारा जो बुळबुळीत थर आपण घाण म्हणून खरवडूं पाहतों, तोच तेथें पहारा करीत होता. आमच्या संपांतील कड्यांवरील तांबूस लेपहि त्याच जातीचा. तो नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें धुतला तर पहारेकरीच ठार होतात. म्हणून स्पंज धुवावयाचा तो पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत, आणि तोहि हलक्या हातानें.

हे पहारेकरी एका दिवसांत जमत नाहींत. चार ते सहा आठवडे लागतात. एका दुकानदारानें दुसर्‍याच दिवशीं मासे सोडण्याचा सल्ला दिला, तो आम्हीं मानला नाहीं. माशांचें खाद्य चिमूटभर टाकून कुजूं द्यावें, आणि परीक्षानळींत रंग पाहून वहींत टिपावें, असा क्रम चालला. दोन टन पाणी, आंत एकहि मासा नाहीं, आणि समोर खुर्ची टाकून बसलेला गृहस्थ! पाहुणे आमच्याकडे कीव येऊन पाहत. सहाव्या आठवड्यांत अमोनिया आणि नायट्राइट या दोहोंचीही खूण उरली नाहीं, त्या दिवशीं मासे आणले.

याच सुमारास, एप्रिल महिन्यांत, घरकामास येणार्‍या मावशींनीं लादी पुसतां पुसतां विचारलें, "सर, एवढं पाणी नुसतं बघायला?"

बोलण्यांत तक्रार नव्हती. म्हणूनच तें अधिक लागलें. मावशींच्या वाडीवरची विहीर होळीनंतर तळ गांठते. ह्या डोंगरावर वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पण सह्याद्रीचा काळा पाषाण तो फारसा मुरूं देत नाहीं, आणि पाणी उतारानें धांवून निघून जातें. शेजारच्या शहापूर तालुक्यांत तानसा आहे, १८९२ सालचा, भातसा आहे. त्यांचें पाणी भांडुप व पांजरापूर येथें शुद्ध होऊन मुंबईच्या नळांना जातें, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. आमची पेटी म्हणजे ह्याच व्यवस्थेची दिवाणखान्यांतली प्रतिकृति नव्हे काय? आमच्या सौभाग्यवती त्या रात्रीं एवढेंच म्हणाल्या, "अहो, ती विचारते त्यांत खोटं काय आहे?"

उत्तर म्हणून आम्हीं हिशेब मांडला. गाळणी कितीहि उत्तम असो, ती घाण नाहींशी करीत नाहीं, तिचें रूप पालटते. नायट्रेट सांठतच जातें, आणि तें काढण्यास थोडें पाणी बदलावेंच लागतें: आठवड्याला २०० लिटर. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत वीस आठवडे धरले तर ४,००० लिटर. छपराचें पावसाळी पाणी १०,००० लिटरच्या टाकींत सांठविलें, आणि विहिरीला हात न लावण्याचें ठरविलें. काढलेलें पाणी परसांतल्या भाजीला जातें; जें माशांना नको तेंच नायट्रेट वांगीं-भेंडीला खत होतें. टाकींत उरणारें पाणी मे महिन्यांत वाडीवर जावें, असें आमच्या सौभाग्यवतींनीं परस्पर ठरवून टाकलें, आणि तें योग्यच झालें.

मे महिन्यांतच वळवाच्या वादळानें वीज गेली, ती चौदा तास आली नाहीं. १९४२ सालीं ह्याच मुलुखांत भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानें मुंबईची वीज वाहणारे मनोरे पाडले होते, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं ह्याच सिद्धगडाच्या रानांत कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आलें. ज्या भूमीनें विजेवांचून झुंज दिली, तेथें आम्ही चौदा तासांनीं व्याकुळ व्हावें हें लाजिरवाणें खरें. पण जीवाणूंना आणि माशांना प्राणवायु हवा होता. बॅटरीवरचा हवेचा पंप पहाटेस थांबला, तेव्हां आम्ही दोघें पाळीपाळीनें तांब्यानें पाणी उपसून कड्यांवर ओतूं लागलों. सकाळीं मावशी आल्या, क्षणभर पाहत राहिल्या, आणि तांब्या बाजूस ठेवून त्यांनीं हंडा घेतला. उंचावरून, एका धारेनें, एक थेंब बाहेर न सांडतां त्या पाणी ओतीत होत्या. तें कसब पुस्तकांत शिकवीत नाहींत. मैल मैल पाणी वाहणार्‍या हातांनाच तें येतें. चोवीसच्या चोवीस मासे वांचले.

मावशींच्या प्रश्नाचें उत्तर आमच्या हिशेबांत पुरतें आलें, असें आम्ही म्हणत नाहीं. पेटी आजहि आहे आणि प्रश्नहि आहे. मात्र पाण्याकडे पाहतांना तळ दिसतो कीं नाहीं एवढेंच आतां आम्ही पाहत नाहीं. तें कोठून आलें, कोणाच्या वांट्याचें होतें, कोणत्या अदृश्य हातांनीं पिण्याजोगें केलें, आणि येथून कोठें जाणार, हेंहि पाहतों. त्या दृष्टीनें शुद्ध ठरेल असें पाणी फार थोड्या घरांत मिळेल. पण ज्यांच्या नळाला तानसा-भातसाचें पाणी येतें, त्यांनीं पेला भरतांना एकदां हें विचारून पाहावें.